दोन किल्ल्यांची तिजोरी

नाशिकरोड स्टेशनवर सकाळी पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चढणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक पासवाले. हातात डबा, खांद्याला पिशवी, आणि देवळाली मागे पडायच्या आत त्यांचा पत्त्यांचा डाव मांडलेला असतो. दुसरी माणसे प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत फायली आणि एक्स-रे सांभाळत बसलेली असतात. ती पत्ते खेळत नाहीत, खिडकीबाहेरही फारशी पाहत नाहीत. कसारा घाट उतरताना एकदा तेवढे 'किती वाजले?' असे विचारतात. दादरला उतरून ती परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट धरतात. बँकेच्या कामासाठी मुंबईला खेपा घालीत असताना मी अनेक वर्षे पहिल्या प्रकारात मोडत होतो. २०२४ च्या पावसाळ्यात पहिल्यांदाच दुसऱ्या प्रकारात जाऊन बसलो.

आजार माझा नव्हता. आमच्या कॉलनीतला एक चोवीस वर्षांचा मुलगा, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनियर. रक्ताचा कर्करोग. केमोथेरपीने एकदा बरा झाला, पेढेही वाटून झाले, आणि दीड वर्षाने तो आजार परतला. पुन्हा उपचार, पुन्हा थोडे बरे दिवस, आणि पुन्हा तेच. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. इंजिन खोलून पुन्हा बसवण्यात ज्यांचे आयुष्य गेले असा हा माणूस डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आला तो हातात एक चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवर एक शब्द होता, 'कार-टी', आणि त्याखाली एक आकडा. हॉस्पिटलातला मुक्काम धरून बेचाळीस लाखांच्या घरात जाणारा.

"साहेब, तुम्ही बँकेतले," ते मला म्हणाले. "हा आकडा कसा वाचायचा तेवढं सांगा."

मी आयुष्यभर आकडेच वाचले. पण तो आकडा वाचायला मला जवळजवळ वर्ष लागले. त्या वाचनाचा हिशेब आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

त्या दिवशी तपासण्यांचे कागद मिळायला दोन तास होते. बाकावर बसवेना म्हणून मी बाहेर पडलो. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर चटया टाकून राहणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या रस्त्याविषयी वेगळे सांगायला नको. चालत चालत जवळच असलेल्या हाफकिन संस्थेच्या फाटकापाशी आलो. मग लक्षात आले की माणसाच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना हाताशी धरून रोगाशी लढण्याची विद्या आपल्याकडे जिथे रुजली, ती जागा हीच. म्हणजे ज्या उपचाराची चिठ्ठी आमच्या खिशात होती त्याचे आजोळच म्हणायचे.

वॉल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा सरकारने त्याला कलकत्त्याहून बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा एवढी त्याची प्रयोगशाळा. तिथे तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग आला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्याची प्रयोगशाळा थाटली गेली. प्लेगच्या दिवसांत गाव ओस टाकून माळावर झोपड्या बांधून राहिल्याच्या गोष्टी माझ्या आजीने तिच्या सासूकडून ऐकल्या होत्या आणि आम्ही आजीकडून. त्या गोष्टींत उंदीर होते, गोरे सोल्जर होते, टोचण्याची भीती होती. टोचणारा माणूस मात्र कुठेच नव्हता.

या माणसाचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतली लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिनला पदावरून जावे लागले. प्रत्यक्षात त्या गावी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससारख्यांनी लंडनच्या 'टाइम्स'मधून पत्र लिहून बाजू मांडली आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. मधली पाच वर्षे गेली ती गेलीच. खात्यांतर्गत चौकशी म्हणजे काय असते ते मी नोकरीत जवळून पाहिले आहे. निर्दोष सुटलेला माणूस त्यानंतर पूर्वीसारख्या मोकळ्या हाताने सही करीत नाही. हाफकिन हिंदुस्थानात परतला, पण कलकत्त्याला, आणि त्याचे खरे काम त्याच्या हाती पुन्हा आले नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले. ते तेवढे झाले.

आता चिठ्ठीवरच्या शब्दाकडे येतो. 'कार' म्हणजे मोटार नव्हे. 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' अशा लांबलचक नावाची ती आद्याक्षरे आहेत. 'टी' म्हणजे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी एक जात, टी-पेशी. या पेशी शरीरात गस्त घालतात. विषाणू शिरलेली पेशी दिसली की तिला मारतात. परंतु त्या सहजासहजी हात उगारीत नाहीत, आणि ही गोष्ट समजायला मला माझी बँक उपयोगी पडली.

शाखेची तिजोरी कधीही एका माणसाला उघडता येत नाही. एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघे हजर असतील तरच दार हलते. टी-पेशीचेही अगदी असेच असते. समोर परका ऐवज दिसला ही झाली पहिली किल्ली. 'होय, धोका खरा आहे' असा दुसऱ्या पेशीने दिलेला दुजोरा ही दुसरी. पहिलीच किल्ली मिळाली आणि दुसरी आली नाही, तर टी-पेशी नुसती थांबत नाही, ती निष्क्रिय होऊन बसते. निसर्गाने ही व्यवस्था केली नसती तर आपल्याच पहारेकऱ्यांनी आपल्याला केव्हाच संपवले असते.

कर्करोगाची पेशी या व्यवस्थेचा फायदा घेते. ती बाहेरून आलेली नसते, घरचीच असते. जुन्या नोकरासारखी ती सगळ्यांच्या ओळखीची. पहारेकरी तिला हटकत नाहीत, आणि हटकले तरी दुसरी किल्ली कोणी देत नाही.

इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या झेलिग एशहार यांनी १९८९ च्या सुमारास एक धाडसी कल्पना मांडली. टी-पेशीला बाहेरून एक नवा आकडा बसवायचा. त्या आकड्याचे बाहेरचे टोक कर्करोगाच्या पेशीवरची एक विशिष्ट खूण पकडील आणि आतले टोक पेशीला मारण्याचा हुकूम देईल. कल्पना बरोबर होती, पण त्या पहिल्या आकड्यात किल्ली एकच होती. पेशी लढत, पण टिकत नसत. पुढे निरनिराळ्या प्रयोगशाळांनी मिळून त्याच आकड्यात दुसरी किल्लीही बसवली. आता कोणाच्या दुजोऱ्याची वाट पाहायला नको. खूण दिसली की दार उघडले. पेशी वाढू लागल्या, महिनोन्महिने रक्तात राहू लागल्या. म्हणून याला जिवंत औषध म्हणतात. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मार्फत त्यांना नवा गुणधर्म द्यायचा, त्या वाढवायच्या आणि सलाइनसारख्या परत चढवायच्या. चढवायला तासभरही लागत नाही. त्याच्या आधीची काही आठवड्यांची तयारी हे खरे काम.

बँकेतला माणूस इथे दचकतो. दोन किल्ल्या एकाच हातात दिल्या तर काय होते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. झालेही तसेच. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला अशा पेशी देण्यात आल्या. हा उपचार घेणारी ती पहिली बालरुग्ण. पेशींनी कर्करोगावर असा काही हल्ला चढवला की साऱ्या शरीरात वणवा पेटला. मुलगी कृत्रिम श्वासोच्छ्वासावर गेली. रक्ताच्या तपासणीत इंटरल्युकिन-६ नावाचे एक द्रव्य भलतेच वाढलेले आढळले. या संशोधनाचे प्रमुख कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे त्या द्रव्याला अडवणारे एक संधिवाताचे औषध त्यांना ठाऊक होते. ते दिले. काही तासांत ताप उतरला. मुलगी वाचली आणि मोठी झाली. एका बापाला आपल्या लेकीच्या दुखण्याविषयी जे माहीत होते, त्यावर दुसऱ्याची लेक तरली.

ते औषध म्हणजे टोसिलिझुमॅब. हे नाव नाशिककरांना निराळ्या कारणाने पाठ आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्याची चिठ्ठी घेऊन आपल्यातले किती जण औषधांच्या दुकानांपुढे रांगा लावून उभे होते! कोविडमध्ये जो वणवा फुफ्फुसांत पेटत होता, तो याच जातीचा होता.

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने अशा पहिल्या उपचाराला परवानगी दिली. किंमत पावणेपाच लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपये. आपल्याकडच्या रुग्णाला ही बातमी वाचण्यापुरतीच होती.

तोपर्यंत पवईच्या आयआयटीत एक माणूस चार वर्षे याच कामाला लागलेला होता. डॉ. राहुल पुरवार हे परदेशातले संशोधन आटोपून २०१३ मध्ये तिथे प्राध्यापक म्हणून आले. इथे या विषयात काम करणारे जवळजवळ कोणी नव्हते. त्यांच्या हाताखालच्या अलका द्विवेदी, अथर्व करुळकर यांच्यासारख्या विद्यार्थ्यांनी ऐन तारुण्याची वर्षे या एका आकड्याच्या मागे घालवली. टाटा हॉस्पिटलचे बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. गौरव नरुला आणि प्रौढ रुग्णांचे डॉ. हसमुख जैन रुग्णालयाच्या बाजूने उभे राहिले. आयता परदेशी आकडा न घेता त्यांनी आपला घडवला. मूळ आकड्याचे टोक उंदराच्या प्रतिपिंडापासून बनवलेले असते. यांनी ते माणसाच्या प्रतिपिंडाच्या जवळ नेले. मेंदूवर होणारे दुष्परिणाम या उपचारात फारसे दिसले नाहीत, ही त्यातली जमेची बाजू.

प्रयोगशाळेतले यश आणि माणसाला द्यायचे औषध यांच्यामध्ये एक खाई असते. ती ओलांडायला पैसा लागतो आणि तो बुडण्याचीच शक्यता अधिक असते. कोणतीही बँक अशा कामाला कर्ज देणार नाही. मीही दिले नसते. तारण काय, तर उंदरांवरचे निष्कर्ष! तो पैसा केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मोहिमेतून आला. माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी टाटा आणि आयआयटी यांना मिळून १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर झाले. हा आकडा मी दोनदा वाचला. आमच्या जिल्ह्यात याहून मोठी कर्जे बुडालेली, माफ झालेली आणि विसरली गेलेली मी पाहिली आहेत.

४ जून २०२१ रोजी, दुसरी लाट नुकती कुठे ओसरत असताना, खारघरच्या टाटा केंद्रात भारतातल्या पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. आपण सारे तेव्हा ऑक्सिजनच्या सिलिंडरांची मोजदाद करीत होतो, त्यामुळे ही बातमी कोणाच्या लक्षात राहिली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. आयआयटीतच जन्मलेली इम्युनोॲक्ट ही कंपनी ते बनवते, 'नेक्सकार-१९' या नावाने. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत येऊन ते राष्ट्राला अर्पण केले. किंमत तीस ते चाळीस लाखांच्या दरम्यान, म्हणजे परदेशातल्या किमतीचा सुमारे दहावा हिस्सा. पुढे बंगळुरूच्या इम्युनील या कंपनीचाही असाच उपचार आला.

२०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या रक्तविकारविषयक नियतकालिकात ६४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद मिळाला. ज्यांचे सारे उपाय थकले होते अशांतले हे ७३ टक्के आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच निबंधात उपचाराशी निगडित दोन मृत्यूंची नोंदही आहे. आणि प्रतिसाद मिळाला म्हणजे आजार गेला असेही नाही. रक्ताच्या कर्करोगात पुष्कळदा पुढे बोन मॅरो बदलण्याची तयारी ठेवावी लागते. आकडा ज्या खुणेला पकडतो ती सीडी-१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते. सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि मग जंतुसंसर्गाची भीती काही काळ मानगुटीवर बसते. हे सारे डॉक्टरांनी मुलाच्या वडिलांना न लपवता सांगितले होते. त्यांनी मला विचारलेला प्रश्न वैद्यकाचा नव्हताच.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते अगदी अस्थानी नाही. टोळधाडीसारख्या ज्या जाहिराती कोविडपासून आपल्या घरात शिरल्या आहेत त्यांत 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र असतो. काढे, गोळ्या, बिस्किटे, हल्ली तर गादीसुद्धा. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी वैद्यकाचे नोबेल जाहीर झाले ते नेमके याच्या उलट गोष्टीसाठी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या पेशींच्या शोधासाठी. जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेचे मेरी ब्रन्कॉव्ह व फ्रेड रॅम्सडेल हे मानकरी. साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवून दिले की टी-पेशींमध्येच एक जात अशी आहे की तिचे काम बाकीच्यांना लगाम घालण्याचे. त्या काळी ही कल्पना जुनी आणि फसलेली म्हणून बहुतेकांनी टाकून दिली होती. ते नेटाने मागे लागले. नोबेल समितीचा फोन आला तेव्हा ब्रन्कॉव्हबाईंना तो नको असलेल्या जाहिरातवाल्यांचा वाटला आणि रॅम्सडेल डोंगरात भटकंती करीत होते, त्यांना बातमी कळायलाच वेळ लागला. अशी माणसे!

तर वाचकहो, प्रतिकारशक्ती ही व्याजासारखी नुसती वाढावी अशी वस्तू नाही. ती वाढून अनावर झाली की संधिवात होतो, ल्युपस होतो, लहानग्यांचा मधुमेह होतो. पुण्याच्या डॉ. विनिता बाळ आणि डॉ. सत्यजित रथ यांच्यासारखे प्रतिकारशास्त्राचे अभ्यासक कोविडच्या काळात वर्तमानपत्रांतून शांतपणे बोलत होते. त्यांच्या वाट्याला एक रकाना आला असेल, तर काढ्याच्या वाट्याला पान.

आणि हे विषयांतर पुन्हा त्याच आकड्यापाशी येते. जर्मनीत एर्लांगेनच्या गेऑर्ग शेट यांनी २०२१ पासून ल्युपसच्या रुग्णांना कार-टी पेशी द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या काही रुग्णांत रोग आश्चर्यकारक रीतीने शमला. चाचण्या अजून चालू आहेत. पण हे उद्या मान्य झाले तर या उपचाराच्या दारात फक्त कर्करोगाचे रुग्ण उभे राहणार नाहीत. आपल्या घरातल्या, ऐन पंचविशीतल्या सांधे धरलेल्या मुलीही उभ्या राहतील. तेव्हा या आकड्याचे काय करायचे ते आजच ठरवलेले बरे.

किंमत आणखी खाली का येत नाही, हे मी माझ्या परीने समजून घेतले. लशीचे गणित निराळे असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी मेंदूज्वराची लस केली, तेव्हा आधी किंमत ठरली होती, पन्नास सेंटच्या आत, आणि मग लस बनली. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून ती टोचायला सुरुवात झाली. एका घाणीत लाखो मात्रा निघतात म्हणून ते शक्य झाले. कार-टीत प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र घाणी काढावी लागते. एका माणसाच्या पेशी दुसऱ्याच्या उपयोगाच्या नाहीत. स्वच्छ खोल्या, तपासण्या, माणसांचे हात, सारे एकेका रुग्णावर खर्ची पडते. टी-पेशींना शरीराबाहेर न काढता आतल्या आतच नवा आकडा बसवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते साधले तर किंमत कोसळेल. पण त्याला किती अवधी लागेल ते शास्त्रज्ञही छातीठोकपणे सांगत नाहीत.

तोवर हिशेब असा आहे. तीन कोटींचे तीस-चाळीस लाख शास्त्रज्ञांनी केले. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, त्यांचे सर्वसाधारण छत्र कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे. चाळीस आणि पाच यांच्यामधले पस्तीस लाख कोणी भरायचे? हे काम पवईच्या प्रयोगशाळेचे नाही. त्यांचे त्यांनी केले. तिथे आज नव्याने लागलेल्या संशोधक विद्यार्थ्याला महिना सदतीस हजार रुपये आणि घरभाडे मिळते, आणि संशोधक विद्यार्थ्यांना हे विद्यावेतन वेळेवर मिळत नाही ही देशभरातली जुनी रड आहे. संशोधनावरचा आपला सारा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के. दक्षिण कोरिया चार टक्क्यांच्या पुढे आहे. एवढ्या तोकड्या भांडवलावर त्यांनी किंमत दहावर आणली. आता पाळी आमच्यासारख्या पैशाची भाषा जाणणाऱ्यांची.

बँकांना एक नियम आहे. एकूण कर्जांपैकी चाळीस टक्के प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेतकरी, लहान उद्योजक, दुर्बळ घटक यांना द्यावेच लागते. या नियमावर आम्ही पुष्कळ कुरकुरलो. मार्चअखेर आकडे रंगवण्याचे प्रकारही होत, ते मी नाकारीत नाही. तरीसुद्धा त्या नियमापायी बँक ज्या उंबरठ्यांवर गेली तिथे ती एरवी गेली नसती. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या औषधाच्या पायात जनतेचे १९ कोटी गाडलेले आहेत, त्यालाही प्राधान्य क्षेत्र असावे. दर शंभर रुग्णांमागे काही ठरावीक रुग्णांचा खर्च सरकार, विमा कंपन्या आणि उत्पादक यांनी वाटून घ्यावा. कंपनीला नफा मिळू नये असे मी म्हणत नाही. तिच्यात खासगी भांडवलही आहे, आणि नफा नसेल तर पुढचा पुरवार पवईला परत येणार नाही. पण नफ्याची अट आणि प्राधान्याची अट एकत्र नांदू शकतात, हे या देशातल्या बँका गेली कित्येक वर्षे बरेवाईट का होईना, पण करून दाखवीत आहेत. कोणी म्हणेल, तेवढ्या पैशात शंभर प्राथमिक आरोग्य केंद्रांना औषधे मिळतील. मिळतील. मात्र हाच सवाल आपण उड्डाणपुलापुढे ठेवीत नाही, रुग्णापुढेच ठेवतो.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो आहे, त्यालाही एक कारण आहे. १९९४ साली मी निफाड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. एक द्राक्षबागायतदार सकाळी शाखा उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसला होता. नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग, मुंबईला न्यायचे होते. मुदत ठेव मोडायची होती. मुदतीपूर्वी मोडली तर एक टक्का व्याज कापायचा नियम होता. तो मी कापला. वरिष्ठांना फोन करून सवलत मागता आली असती. तसे सुचलेच नाही असे नाही, सुचले होते. काउंटरवर गर्दी होती. तो म्हणाला, "कापा साहेब, पण आजच्या आज द्या." रक्कम फार नव्हती, सहाएकशे रुपये असतील. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास ती मुलगी गेल्याचे शिपायाने सांगितले. तेव्हा हा कार-टी उपचार जगात कुठेच मिळत नव्हता, त्यामुळे त्या सहाशे रुपयांनी काही अडले नसेल. आज आहे, परळपासून खारघरपर्यंत आहे, म्हणून ते सहाशे रुपये मला आता अधिक बोचतात.

आमच्या कॉलनीतल्या मुलाचे बेचाळीस लाख असे जमले: वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी नऊ, आडगावचा प्लॉट सोळा, आईचे आणि आत्याचे दागिने तारण ठेवून पाच, कंपनीचा सामूहिक विमा पाच, धर्मादाय न्यास आणि मित्रांची वर्गणी मिळून सात. माझ्या जेवणाच्या टेबलावर ही बेरीज झाली. त्याचे आईवडील दीड महिना दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत राहिले. २०२५ च्या जानेवारीत पेशी चढवल्या. तिसऱ्या रात्री ताप भडकला तेव्हा एमिलीला दिले तेच इंजेक्शन त्यालाही द्यावे लागले. सहाव्या दिवशी त्याने मला फोन केला आणि म्हणाला, "काका, माझ्याच पेशी होत्या, पण तीन दिवस ओळख देत नव्हत्या."

गेल्या तपासणीत त्याच्या रक्तात कर्करोगाची पेशी सापडली नाही. अंबडच्या कारखान्यात तो परत जातो आहे, अर्धा दिवस. पुढची तपासणी येत्या महिन्यात, पुन्हा पंचवटीने. त्याच आठवड्यात सोनेतारणाचे नूतनीकरण आहे. त्यासाठी वडिलांबरोबर बँकेत मी जाणार आहे.